डूला सेवा: प्रसूतीच्या काळातील अखंड सोबत

पहिल्या बाळंतपणासाठी घेतलेल्या या सेवेविषयी लिहिताना आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, की डूला, म्हणजे प्रसूतीत सोबत करून धीर देणारी स्त्री, तपासणी करत नाही, औषध देत नाही आणि डॉक्टरांच्या किंवा सुईणीच्या निर्णयात ढवळाढवळही करत नाही. तिचे काम सोबतीचे, आणि ते आमच्या डूलाने उत्तम केले. पाळी बदलली की परिचारिका बदलत होत्या, ती मात्र बाळाला पहिल्यांदा अंगावर पाजेपर्यंत शेजारी राहिली. कळ आली की कमरेच्या खालच्या भागावर तळहाताने ठाम दाब देणे, श्वासाची लय सांभाळणे, कुशीवर वळण्यास किंवा थोडे चालण्यास सुचवणे, या साध्या उपायांनी मोठा धीर मिळाला. माझे पती बाजूला पडतील ही शंकाही (जी सासूबाईंनाच अधिक होती) निराधार ठरली, कारण दाब कुठे द्यायचा हे तिने त्यांनाही शिकवले.

सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक आणि सिझेरियनचे कमी आढळते, असे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यातील १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवरून दिसते. अर्थात सिझेरियन टळेलच, अशी हमी कोणतीही डूला देऊ शकत नाही.

बाळंतपणानंतरची भेट मात्र घाईत उरकली गेली आणि स्तनपानाविषयीचे प्रश्न अर्धवट राहिले. अनेक देशांत या कामासाठी सरकारी परवान्याची अट नसल्यामुळे प्रशिक्षण, अनुभव आणि ऐनवेळी ती येऊ न शकल्यास पर्यायी व्यक्ती कोण, हे आधीच लेखी ठरवून घ्यावे.