दयाळ आणि चिचुंद्री यांच्या तुलनेसाठी आयनॅचरलिस्ट

गाणारा पक्षी आणि कीटकभक्षी सस्तन प्राणी यांच्या नोंदी शेजारी ठेवून अभ्यासायच्या असतील, तर 2008 मध्ये सुरू झालेली आयनॅचरलिस्ट ही सजीवांच्या नोंदी ठेवणारी मोफत ऑनलाइन सेवा मला सर्वांत भरवशाची वाटते. मर्लिन हे अ‍ॅप 2021 पासून नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखते आणि दयाळासारख्या गवयासाठी ते अप्रतिम आहे. पण ते पक्ष्यांपुरतेच असल्याने चिचुंद्रीला तेथे जागाच नाही.

दयाळाच्या नराचा काळा-पांढरा रंग आणि उभारलेली लांब शेपटी एका चांगल्या छायाचित्रात दिसली की जात निश्चित होते. चिचुंद्रीच्या कुळात मात्र लांब निमुळते मुस्कट, बारीक डोळे आणि आखूड मऊ केस ही लक्षणे बहुतेक जातींत सारखीच असतात आणि खरा निवाडा पुष्कळदा दातांवरून करावा लागतो, जे जिवंत प्राण्याच्या छायाचित्रात दिसतच नाहीत. अशा वेळी जातीचा आग्रह न धरता ओळख प्रजातीवर (जातीच्या वरची पातळी, genus) किंवा कुळावर थांबवण्याची जी सोय आयनॅचरलिस्टवर आहे, तिचे मोल मला फार वाटते. तारीख, ठिकाण व पुरावा असून ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचे जातीवर एकमत झाले, तर सहसा नोंदीला संशोधनाचा दर्जा मिळतो.

नोंदींच्या संख्येची तुलना मात्र जपून करावी. दयाळ विणीच्या काळात दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसून गातो, तर चिचुंद्री रात्री भिंतीच्या कडेकडेने फिरते; त्यामुळे त्या आकड्यांतून प्राण्यांच्या संख्येपेक्षा माणसांच्या सवयीच अधिक कळतात. नोंदीला ‘जिवंत’ की ‘मृत’ अशी खूण जोडता येते, ती चिचुंद्रीबाबत अवश्य पाहावी, कारण मांजरे तिला मारतात, पण उग्र वासामुळे अनेकदा न खाताच टाकून देतात. (आईच्या शेपटीच्या मुळाशी धरून एकामागोमाग चालणाऱ्या पिलांची रांग कोणी टिपली असेल, तर ते छायाचित्र आवर्जून पाहावे.)

आवाजाच्या बाबतीत ही सेवा तोकडी पडते: ध्वनिमुद्रण नोंदीला जोडता येते, परंतु ओळखीच्या आपोआप मिळणाऱ्या सूचना छायाचित्रांवर आधारलेल्या आहेत. पुष्कळ लोक चिचुंद्रीला उंदीर समजतात, प्रत्यक्षात ती उंदराच्या नव्हे तर जाहकाच्या (hedgehog) गोतावळ्यातली. म्हणून जातीच्या पानावरील सारख्या दिसणाऱ्या जातींचा विभाग नवख्याने सर्वांत आधी उघडावा.