हॅकआरएफ वन : घरात रेंज कुठे जाते ते मोजायला घेतला, दोन महिने वापरून लिहितोय

आईबाबांच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये खिडक्या बदलल्या, ऊन अडवणारी कोटिंगवाली काच बसवली, आणि तेव्हापासून हॉलमध्ये फोन नीट लागेना. सगळे म्हणत टॉवरचा प्रॉब्लेम आहे, मला पटेना, कारण बाल्कनीत तोच फोन मस्त चालायचा. फोनमधल्या कांड्या बघून काही कळत नाही म्हणून शेवटी हॅकआरएफ वन घेतला, म्हणजे लॅपटॉपला जोडायचा एक रेडिओ, हवेतले सिग्नल स्क्रीनवर दाखवणारा.

हा १ मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ ऐकतो, एका वेळी २० मेगाहर्ट्झचा पट्टा लॅपटॉपवर दिसतो, आणि याचा स्वीप मोड (पट्टा भराभर पुढे सरकवत जाणारा) सेकंदाला ८ गिगाहर्ट्झ फिरतो म्हणजे एफएमपासून ५जीपर्यंत सगळं एका सेकंदाच्या आत. मी फक्त ऐकायलाच वापरला, ट्रान्समिट करायला लायसन्स लागतं, त्या वाटेला गेलो नाही.

आधी गच्चीवर, मग बाल्कनी, मग हॉल, सगळीकडे गेन (सिग्नल किती वाढवायचा ते सेटिंग) तोच ठेवून मोजलं. हे महत्त्वाचं आहे, कारण याचे आकडे कॅलिब्रेटेड (प्रमाण मापाशी जुळवलेले) नसतात, दोन जागांमधला फरकच काय तो खरा. विविध भारतीचा १०१ मेगाहर्ट्झ घरात आल्यावर थोडासाच पडला, पण ३.३ गिगाहर्ट्झच्या वरचा ५जी बाल्कनीतून हॉलमध्ये येईपर्यंत २५ डीबीच्या आसपास खाली, म्हणजे ताकद तीनशेव्या भागावर! खिडकी सरकवली की लगेच १०-१२ डीबी परत. ५जीच्या चॅनल मॉडेलमध्ये (सिग्नल वाटेत किती कमी होतो याच्या ठरलेल्या हिशोबात) ३.५ गिगाहर्ट्झला साध्या काचेला ३ डीबीपेक्षा कमी आणि कोटिंगच्या काचेला साधारण २४ डीबी धरतात, काँक्रीटला १९. म्हणजे आमची नवी काच भिंतीपेक्षाही जास्त अडवत होती, आणि हे बघून बाबांना पण पटलं.

एका जागी उभं राहून रीडिंग घेऊ नका. ३.५ गिगाहर्ट्झची वेव्हलेंग्थ साडेआठ सेंटिमीटर, चार बोटं सरकलं की परावर्तनांमुळे आकडा बदलतो, मी खोलीभर हळू चालत सरासरी काढली, आणि टॉवरवरचा लोड बदलतो म्हणून सकाळी, दुपारी, रात्री तीन वेळा केलं. सगळ्यात आवडलं ते हे की रुंद सिग्नल सपाट दिसत नाही, मध्ये खड्डे पडतात. समोरच्या बिल्डिंगवर आपटून ३० मीटर जास्त फिरून आलेली लाट थेट लाटेत मिसळली की दर १० मेगाहर्ट्झला एक खड्डा, आणि ते स्क्रीनवर डोळ्यांनी दिसतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी आईला हाक मारून दाखवलं.

पण २० मेगाहर्ट्झ म्हणजे १५ मीटरपेक्षा कमी फरकाच्या लाटा वेगळ्या करता येत नाहीत, खोलीतल्या भिंतींचे प्रतिध्वनी त्यात एकत्रच येतात. ५जीचा एक कॅरियर, म्हणजे टॉवरचा एक सिग्नल, १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असतो, तो एका दमात पकडता येत नाही. ८ बिटचा आहे, म्हणजे सिग्नल फक्त २५६ पायऱ्यांत मोजतो, त्यामुळे जवळ जोरदार एफएम असेल तर बारीक सिग्नल दबतो, फिल्टर वेगळा घ्या. इनपुटला उणे ५ डीबीएमच्या (मिलिवॉटच्या साधारण एक तृतीयांश) वर देऊ नका, जळू शकतो. आणि ॲन्टेना वेगळा घ्यावा लागतो, नेहमीचा टेलिस्कोपिक १ गिगाहर्ट्झपर्यंतच, ५जीसाठी दुसरा हवा.

फक्त एफएम आणि ८५०-९०० मेगाहर्ट्झचं ४जी बघायचं असेल तर आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) पुरतो, खूप स्वस्त आहे. ५जी घरात का येत नाही हे मोजायचं असेल तर मात्र हाच घ्या. आम्ही हॉलच्या एका खिडकीला परत साधी काच बसवली, आता बाबा सोफ्यावर बसून फोनवर बोलतात.