वजनदार जोडप्यासाठी गादी: पूर्ण लॅटेक्स की नुसतं वरून लॅटेक्स?

आम्हा नवराबायकोचं वजन मिळून १८० किलोच्या पुढं आहे, त्यामुळं गादी निवडताना बरेच पर्याय आधीच गळाले. कापसाची गादी दर थोड्या वर्षांनी पिंजून घ्यावी लागते आणि आता पिंजारी वेळेवर सापडत नाही. काथ्याची आमच्याखाली लवकर बसते. मेमरी फोममध्ये माणूस जितका जड, तितका खोल रुततो आणि तितकीच ऊबही कोंडते. परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो, त्यात रात्री लाईट गेली तर त्या गादीवर पडून दाखवावं कुणीतरी. राहिलं लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकापासून केलेली गादी.

पण दुकानात लॅटेक्स म्हणून दोन वेगवेगळ्या गाद्या दाखवतात. एक आतून-बाहेरून पूर्ण लॅटेक्सची. दुसरीत वर दोनेक इंच लॅटेक्स आणि खाली साधा फोम. किमतीत चांगलाच फरक, आणि दहा मिनिटं पडून पाहिलं तर दुसरीच जास्त गुबगुबीत वाटेल.

ही दुसरी गादी माझ्या साडूकडं लातूरला आहे. साडू-मेहुणी दोघंही शिडशिडीत, गादीवर भलते खूश, आणि त्यांचं काही चुकत नाही. आम्ही गेलो की कौतुकानं आम्हाला त्याच पलंगावर झोपवतात. मध्यरात्री बायकोचा आवाज येतो, “अहो, सरका की तिकडं.” मी माझ्या जागेवरच असतो. खालचा फोम माझ्या कमरेखाली दबलेला असतो आणि तिच्या बाजूनं माझ्याकडं उतार झालेला असतो, म्हणून तीच घरंगळत आलेली असते. मग ती एका हातानं पलंगाची कड धरून झोपते आणि सकाळी खांदा चोळत चहाला येते. बाकी सगळं चालवून घेतलं असतं, पण या उतारानंच आमचा निकाल लावला. दोष लॅटेक्सचा नव्हे. दोन इंचांचा थर आमच्या वजनाला पुरत नाही, सगळा भार थेट फोमवर जातो.

पूर्ण लॅटेक्समध्ये जितकं दाबावं तितकं ते उलट वर रेटतं. त्यामुळं कंबर बेतानंच बुडते आणि कूस बदलताना खड्ड्यातून उठल्यासारखं होत नाही. यात डनलॉप पद्धतीचं, म्हणजे फेस साच्यात ओतून थेट भाजलेलं लॅटेक्स घट्ट, वजनदारांना सोयीचं. टॅलाले पद्धतीत साच्यातली हवा काढून, गोठवून मग ते भाजतात. ते हलकं आणि मऊ होतं, पण आपल्याकडं मुख्यतः बाहेरूनच येतं. आमच्या वजनाला डनलॉप पुरे, असं मला तरी वाटतं. जाडी आठ इंच घ्या. सहा इंचांत आम्हाला कडेवर बसलं की फळी जाणवायची.

पूर्ण लॅटेक्सलाही खोडी आहेत. नवी असताना रबराचा वास येतो, तो हळूहळू जातो. लॅटेक्स उसळतं, त्यामुळं मी कूस बदलली की बायकोला थोडं कळतं. झोप फारच सावध असेल त्यांनी याचा विचार करावा. आणि वजन! पेटीचा पलंग असेल तर रोज झाकण उचलायची अपेक्षा सोडा. आमच्या आईला उन्हाळा आला की गाद्या गच्चीवर टाकायची सवय, पण लॅटेक्सला कडक ऊन चालत नाही, ते पिवळं पडून भुगा व्हायला लागतं. सावलीत, खिडकीपाशी हवा दिली की झालं. खोळ धुता येते म्हणतात खरं, पण टँकरच्या दिवसांत एवढी जाड खोळ कोण धुणार? वर जाडसर सुती चादर घाला.

घेताना खोळीची चेन उघडून आत किती थर आहेत ते डोळ्यांनी बघा. चेन उघडू देत नसतील तर वजन विचारा. ७२ बाय ७८ इंचांची, आठ इंच जाड गादी म्हणजे पाऊण घनमीटरच्या किंचित आत. डनलॉपची घनता घनमीटरला ८० किलो धरली तरी वजन ६० किलोच्या आसपास भरायला हवं. दोन पोरं हसत-खेळत जिना चढून वर आणत असतील तर आत दुसरंच काही आहे. आणि दुकानात दोघांनी एकदमच पडा, दुकानदार कितीही बघत असला तरी. एकानं मध्ये सरकायचं, दुसऱ्यानं कडेवर उठून बसायचं.

दोघांचं मिळून १३०-१४० किलो असेल आणि खर्च आवरायचा असेल, तर साडूसारखी गादीही बिनधास्त घ्यावी. त्यापुढं असाल तर मी पूर्ण लॅटेक्सच सांगेन. फक्त आधी पलंगाच्या पट्ट्या तपासा. दोन पट्ट्यांमध्ये तीन इंचांपेक्षा जास्त फट असेल तर सुताराला बोलावून मध्ये आणखी पट्ट्या ठोकून घ्या, नाहीतर लॅटेक्स त्या फटीत उतरतं.