गुडघा बदलायच्या आधीचा घरपोच फिजिओ, चार स्टार
आईचं ऑपरेशन ठरलं तेव्हा सगळे म्हणाले फिजिओ नंतर लावा, पण आम्ही आधीच घरी येणाऱ्या ताई लावल्या, पैसे वसूल. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, चवड्याला टाच लावत सरळ रेषेत चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळणं, बस, मशीन वगैरे काही नाही. वॉकरची सवय पण आधीच लावली, आणि जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनवाला, हे पाठच करून घेतलं, त्यामुळे हॉस्पिटलात आई घाबरली नाही. दुखलं मात्र भरपूर, ते कुठे टळतंय! एक स्टार कापला कारण ताई वेळेवर येतच नाहीत, आई बिचारी साडी बदलून ड्रेस घालून ताटकळत बसायची.