मीटरवर १२.८ दाखवून विकलेली जुनी बॅटरी

उजनीच्या पाण्यात होडी चालवणाऱ्यांनी आणि घरच्या इन्व्हर्टरसाठी सोलापुरात बॅटरी घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. दुकानदार मल्टिमीटर लावून व्होल्टचा जो आकडा दाखवतो त्यावर बॅटरी घेऊ नका. आम्हाला फसवलं ते त्याच आकड्यावर.

माझा मावसभाऊ करमाळ्याकडच्या काठावर छोटी होडी चालवतो. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना नेतो. इंजिनाच्या आवाजाने थवा उठतो, म्हणून त्याने बॅटरीवरची मोटर बसवायची ठरवली. मी त्याला सोलापुरातल्या एका दुकानातून १२ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी, सोलर पॅनल आणि पॅनलवरून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा चार्ज कंट्रोलर घेऊन दिला. दुकानदाराने काउंटरवरच मीटर लावला. "बघा की साहेब, १२.८. नवीकोरी आहे."

अर्ध्या तासाच्या आत भर पाण्यात मोटर मंदावली आणि बंद पडली. होडीत प्रवासी, समोरून वारा. वल्ही मारत काठ गाठला म्हणून निभावलं. याच जलाशयात कुगाव ते कळाशीदरम्यान २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. त्यामुळे या फसवणुकीचा राग नुसता पैशांचा नाही.

ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने बॅटरीची बुचं उघडली. आत प्लेटा झडलेल्या, तळाशी गाळ. जुनी बॅटरी धुऊन, नवीन ॲसिड भरून, वर नवा स्टिकर चिकटवलेला. ॲसिड नवीन असलं की ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटरसुद्धा चांगलाच आकडा दाखवतो. चार्जरवरून नुकती काढलेली बॅटरी तर मेलेली असली तरी १२.८ दाखवू शकते. प्लेटांवर जीव किती उरलाय हे कळतं ते लोड दिल्यावरच. चार्जरवरून काढून काही तास ठेवा, मग हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावा. तो साधारण साडेचार अँपिअर ओढतो. १०० एएचच्या धडधाकट बॅटरीला एवढं ओझं काहीच नाही, तिचा आकडा साडेबाराच्या आसपास टिकतो. आमच्या बॅटरीचा आकडा थोड्याच वेळात १२च्या खाली गेला आणि मग साडेदहावर येऊन बसला. बॅटरीच्या आत दोन-दोन व्होल्टचे सहा सेल असतात, त्यातला एक गेला की दोन व्होल्ट असेच जातात.

वजनही करा. भंगारवाल्याचा काटा चालतो. कंपनीच्या पत्रकातलं वजन आणि हातातल्या बॅटरीचं वजन यात मोठा फरक असेल तर आत शिसं कमी आहे. टर्मिनलवर जुन्या क्लॅम्पचे ओरखडे किंवा खोक्यावर घासून काढलेला तारखेचा कोड दिसला तर तिथूनच परत फिरा.

तक्रार घेऊन गेलो तर दुकानदार म्हणाला, "सोलरवर चुकीचं चार्जिंग केलंत, वॉरंटी गेली." कंट्रोलर त्यानेच दिलेला! त्यावर एमपीपीटी, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा महागडा प्रकार, असं लिहिलं होतं, पैसेही तसेच घेतले होते. भर उन्हात, बॅटरी अर्धी असताना, आम्ही कंट्रोलरच्या पॅनलकडच्या टोकांवर मीटर लावला. बॅटरीवर १३.१, पॅनलवर जवळपास तेवढेच. खरा एमपीपीटी अशा वेळी आमच्या ३६ सेलच्या पॅनलला १७-१८ व्होल्टवर धरून ठेवतो. म्हणजे हा साधा पीडब्ल्यूएम होता, पॅनल थेट बॅटरीला जोडून चार्ज करणारा स्वस्त प्रकार. पीडब्ल्यूएम वाईट नसतो, आमचा १४.४ व्होल्टवर नीट थांबत होता, म्हणजे चार्जिंगचा दोषही खोटाच. पण स्वस्त वस्तूवर महागडं नाव छापून विकणं ही दुसरी फसवणूक.

त्याने पक्कं बिल दिलं नव्हतं, वॉरंटी कार्डावर सीरियल नंबरही नाही. तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं आमच्याकडे होतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे.

हेल्पलाइनवरून विचारणा गेल्यावर दुकानदाराचा लगेच फोन आला, "बॅटरी आणून द्या, बदलून देतो." आम्ही दिली नाही. तीच पुरावा आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर लेखी पोच घेतल्याशिवाय ती त्याच्या हातात देऊ नका, आणि भंगारात तर मुळीच घालू नका.