मोबिलिटी स्कूटर दोन वर्षांनी: गाडीला साडेतीन, बॅटरीवाल्याला पाच, आम्हाला शून्य

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू गाडीचा (चालायला त्रास होणाऱ्यांसाठीची बसून चालवायची बॅटरीवरची छोटी गाडी) कमी आणि तिच्या बॅटरीचा जास्त आहे, कारण दोन वर्षांत गाडीने तसा काही त्रास दिला नाही, जो दिला तो बॅटरीने आणि तोही आमच्याच कर्माने. गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, विकणाऱ्याचंही नाही, आणि फोंड्याच्या ज्या बॅटरीवाल्यामुळे हे सगळं डोक्यात शिरलं त्याचंही नाही, कारण त्यानेच सांगितलंय, "नाव बिव घालू नको रे बाबा, पावसात इन्व्हर्टरवाले आधीच डोकं खातात."

आई ७४ ची. दोन्ही गुडघे गेलेत, ऑपरेशन म्हटलं की विषय बदलते. २०२३ च्या जानेवारीत पणजीला पहिलं पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झालं तेव्हा मावसबहिणीसोबत गेली होती, तिथे एक बाई अशा स्कूटरवरून एकटीच आरामात फिरताना तिने बघितली आणि घरी आल्यापासून तेच सुरू, मला तसली गाडी पाहिजे, मी काय जन्मभर तुझ्या बायकोच्या ॲक्टिव्हाच्या मागे बसून देवळात जाऊ? त्याच वर्षी चवथीच्या आधी घेतली. चार चाकं, ताशी जास्तीत जास्त ८ किलोमीटर, सीटखाली १२ व्होल्टच्या दोन सीलबंद शिशाच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला पुढे दुसरी, जोडून २४ व्होल्ट, २० एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती मावतं ते). सोबत ३ अँपिअरचा चार्जर.

गाडीबद्दल पटकन. सीट मस्त, वळते छान, हँडलवरचा लिव्हर सोडला की जागच्या जागी थांबते, हे म्हाताऱ्या माणसांसाठी सगळ्यात भारी. हॉर्न म्हणजे चिमणी. ग्राउंड क्लिअरन्स कमी, आमच्या अंगणाच्या चिऱ्यांवर पोट घासतं. ब्रोशरमध्ये २५ किलोमीटर लिहिलंय ते विसरा, आम्हाला नवी असताना १४-१५ मिळायचे. नंतर कळलं की २० एएच हा आकडा बॅटरी २० तास हळूहळू, म्हणजे तासाला एकच अँपिअर काढून मोजलेला असतो, आणि चढावर मोटार त्याच्या कितीतरी पट खेचते, मग तेवढी क्षमता हाताला लागतच नाही. ब्रोशर लिहिणाऱ्याने सपाट हॉलमध्ये पन्नास किलोचा माणूस बसवून चालवली असणार. आमचं घर म्हार्दोळला, महालसेच्या देवळापासून दीडेक किलोमीटर, जाताना उतार आणि येताना पूर्ण चढ, आणि आई पन्नास किलोची नाही, आकडा लिहिला तर घरात घेणार नाही.

आता मूळ गोष्ट. गेल्या जुलैत, पावसाने जरा उघडीप दिली म्हणून आई देवळात गेली आणि येताना चढाच्या मध्येच गाडी बंद. मला फोन. मी पोचलो तर मीटर अर्ध्याच्या वर! म्हटलं चल, परत चालू करूया, लिव्हर दाबला की काटा खाडकन लालमध्ये आणि गाडी हूं म्हणून गप्प, सोडला की काटा परत वर. मग मी हुशारी केली, मागचा फ्रीव्हीलचा खटका खाली केला आणि ढकलायला लागलो. कोणी करू नका. तो खटका टाकला की ब्रेकच जातो, कारण या गाड्यांना वेगळा ब्रेक नसतो, मोटारीतलाच असतो, आणि खटका मोटारच चाकांपासून सोडवतो. गाडी आईसकट मागे यायला लागली. मी मागे, चप्पल चिखलात, आई वरून ओरडतेय "अरे धर मेल्या", शेवटी फुलांची टोपली घेऊन जाणारा एक पोरगा धावला आणि दोघांनी मिळून कडेला घेतली. आईला काही झालं नाही, पण त्यानंतर आठ दिवस गाडीवर बसली नाही.

विकणाऱ्याला फोन केला. त्याने गाडी न बघता, एक प्रश्न न विचारता, "बॅटरीची वॉरंटी सहा महिन्यांची होती सर, दोन वर्षं चालली म्हणजे भरपूर झालं, नवीन जोडी अठरा हजार." अठरा! मग गावातल्या एकाने सांगितलं की कारची बॅटरी टाक, स्वस्तात होईल. मी जवळजवळ टाकणार होतो खरं तर. पण म्हटलं आधी फोंड्याला दाखवूया, दोन्ही बॅटऱ्या काढल्या, वायर कुठली कुठे जाते त्याचा फोटो काढला (एवढं एक काम अक्कलेने केलं) आणि डिकीत घालून नेल्या.

दुकान म्हणजे काय, बाजाराच्या मागच्या गल्लीत एक शटर, आत ॲसिडचा वास, भिंतीवर देवाचा फोटो आणि त्याला झेंडूचा वाळका हार. माणूस साठीचा. सगळ्यात आधी त्याने विचारलं, "शेवटचं चार्ज कधी केलंत?" म्हटलं सकाळी. "मग आज सांगणार नाही. ठेवून जा, उद्या या." कारण चार्जरवरून काढल्या काढल्या व्होल्टमीटर लावला तर बॅटरी नेहमी खोटं बोलते, काही तास पडू दिल्यावर जे दिसतं ते खरं. चांगली भरलेली बॅटरी अशी पडून राहिल्यावर १२.७ व्होल्टच्या वर दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. दुसऱ्या दिवशी गेलो तर आमची एक १२.६, एक १२.४. मी म्हटलं म्हणजे ठीकच आहेत की. तो हसला आणि लोड लावला, म्हणजे मोटार खेचते तशी बॅटरीतून जोरात वीज खेचून बघितली. पहिली थोडी खाली येऊन थांबली. दुसरी सरळ दहाच्या खाली बसली, माझ्यासमोर. चढावर काटा का पडायचा ते तिथे उभ्या उभ्या कळलं.

मग त्याने आईच्या चार्जिंगची चौकशी केली, कोर्टात करतात तशी. आणि मी सांगत गेलो तसं मलाच लाज वाटायला लागली.

एक, आई रोज चार्ज करत नसे. मोबाईलचं कोणीतरी तिच्या डोक्यात भरवलेलं, बॅटरी पूर्ण संपवून मगच लावायची म्हणजे टिकते. त्यामुळे देऊळ, परत घर, असं चार-पाच दिवस चालवून मीटर लाल झाला की मग लावायची. शिशाच्या बॅटरीला ते विष. ती अर्धी रिकामी राहिली की आत प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात, लगेच चार्ज केलं तर विरघळतात, दिवसेंदिवस तसंच ठेवलं तर घट्ट होतात आणि मग तेवढा भाग कामातून गेला. तो म्हणाला, "ही म्हातारी होऊन मेलेली नाही, तुम्ही उपाशी ठेवून मारलीत." थोडीशी चालवली तरी त्या रात्री लावायचीच. आणि जितकी कमी रिकामी कराल तितकी जास्त वर्षं, रोज तळ गाठला तर दोन-तीनशे वेळा, निम्म्यावर थांबलात तर साधारण त्याच्या दुप्पट.

दोन, लावली तरी पूर्ण होऊ देत नसे. रात्री झोपताना बटण बंद, "लाईट चालू ठेवून झोपायचं नाही." शिवाय वीज बिल! आता हिशोब बघा, २४ गुणिले २० म्हणजे ४८० वॅट-तास, चार्जरचं नुकसान धरून पूर्ण रिकाम्या गाडीला पाऊण युनिट धरा. आमचा चार्जर पंख्यापेक्षा थोडीच जास्त वीज घेतो. दोन-तीन रुपये वाचवायला आईने काही हजारांची बॅटरी मारली, आणि हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, सुनेने सांगितलंय. ३ अँपिअरच्या चार्जरला पूर्ण रिकामी बॅटरी भरायला नऊ-दहा तास लागतात, कारण शेवटचा थोडा भाग तो अगदी थेंब थेंब घालतो, आणि नेमका तोच भाग महत्त्वाचा. हिरवा दिवा लागला तरी आणखी तास-दोन तास राहू दे म्हणाला. मूळचा चार्जर असेल तर तो पुढे आपोआप कमी होतो, रात्रभर राहिला तरी चालतो.

तीन, आणि हे ऐकून त्याने कपाळाला हात लावला, चार्जिंग चालू असताना आई गाडीवर जुनं लुगडं टाकायची, धूळ बसू नये म्हणून, आणि गाडी उभी कुठे तर देवघराच्या बाजूला, निरांजनापासून चार हातांवर. सीलबंद असली तरी जास्त चार्ज झाली तर बॅटरी थोडा हायड्रोजन सोडते. त्याहून मोठा प्रॉब्लेम उष्णतेचा. साधारण २५ डिग्रीच्या वर दर १० डिग्रीला शिशाच्या बॅटरीचं आयुष्य अर्धं होतं असा हिशोब धरतात, आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली काय होत असेल ते बघा. आता गाडी पडवीत असते, वारा लागतो, ऊन नाही, चार्जिंगला काही झाकायचं नाही.

आणि चौथं म्हणजे आमचं सगळ्यांचं पाप, मागच्या वर्षी आई दोन महिने ठाण्याला बहिणीकडे होती तेव्हा गाडी तशीच उभी, कोणी हात लावला नाही. बॅटरी नुसती उभी राहूनसुद्धा हळूहळू उतरते, उकाड्यात जास्त. पूर्ण भरून, चावी काढून ठेवायची आणि महिन्यातून एकदा तरी रात्रभर लावायची, एवढं साधं होतं.

कारच्या बॅटरीचं विचारलं तर म्हणाला ती एक दणका देऊन इंजिन चालू करायला केलेली असते, तासनतास हळूहळू रिकामी व्हायला नाही, सहा महिन्यांत परत याल. मग मी विचारलं, एकच खराब आहे ना, एकच बदला. नाही म्हणाला. "तरणा बैल आणि म्हातारा बैल एका जुवाला जुंपलास तर काय होतं?" दोन्ही सिरीजमध्ये, चार्जरला एकच आकडा दिसतो, जुनी लवकर भरल्यासारखी करते आणि नवी कायम अर्धपोटी राहते, वर्षभरात तीही जाते. जोडी एकदम, एकाच कंपनीची, जवळजवळ एकाच महिन्यातली. लिथियमचं विचारलं तर नको म्हणाला नाही, पण त्याला चार्जर त्याचाच लागेल आणि गाडीचा मीटर शेवटपर्यंत भरलेलं दाखवून अचानक झोपेल असं सांगितलं. आईला अचानक झोपणारी गाडी आता चालणार नाही, म्हणून जेल बॅटरीचीच जोडी घेतली, तीही शिशाचीच, फक्त आतलं ॲसिड जेलीसारखं घट्ट. आधीच्या एजीएम होत्या (त्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या जाळीत शोषलेलं असतं), जेलला चार्जिंगचा व्होल्टेज थोडा कमी लागतो, म्हणून त्याने आमचा चार्जर घरून आणायला लावला, त्यावर काय छापलंय ते वाचलं, मीटर लावून बघितला आणि मगच हो म्हणाला. साडेनऊ हजार, त्यातून जुन्या दोघींचे वजा. फोनवरचे अठरा आठवले आणि बरं वाटलं.

ऑगस्टपासून वापरतोय. चढावर काटा हलतो पण लालमध्ये जात नाही. पावसात लाईट सारखी जाते-येते त्यासाठी त्याने एकच सांगितलं, गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, थांबला की परत लावा, विसरू नका. टर्मिनलांवर वॅसलीन लावून दिलं, आपल्याकडच्या दमट हवेत हिरवट-पांढरं धरतं म्हणून. आई आता कॅलेंडरवर रोज रात्री खूण करते, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी. परवा शेजारच्या पोराला त्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरवरून लेक्चर देत होती, त्याची लिथियमची, तिला यातलं बरंचसं लागू नाही, पण कोण सांगणार.

दोन तक्रारी. बिल मागितल्याशिवाय देत नाही, वॉरंटीसाठी मागून घ्या. आणि दुपारी एक ते साडेतीन शटर खाली, मी एकदा दोन बॅटऱ्या हातात धरून बाहेर उभा होतो, प्रत्येकी सहा-सात किलोची. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका, त्या परत घ्यायची सोय बॅटरीच्या २०२२ च्या नियमांत आहेच आणि हा पैसेही वजा करतो. जाताना गाडीचा चार्जर बरोबर न्या, तो सगळ्यात आधी तोच मागतो.