वर्गणी एका वर्षाची, आरत्या ९८

गणपती गावाला गेले त्याला चार महिने होऊन गेले, पण माझ्या फोनमधून ते अजून उठलेले नाहीत. डोंबिवली फास्टला चौथी सीट मिळाली की मी इयरफोन घालते, ‘खास तुमच्यासाठी’ दाबते आणि झांजा सुरू होतात. जानेवारी महिन्यात, लेडीज डब्यात, सकाळी पावणेआठला.

ॲपचं नाव लिहीत नाही. गाणी किती, आवाज कसा, ऑफलाइन किती उतरवता येतात हे तुम्हाला माहीतच असेल, सगळीकडे उन्नीस-बीस आहे. मी वर्षाची वर्गणी एकरकमी भरली ती एकाच कारणासाठी. न ऐकलेलं काहीतरी ते आपणहून ऐकवेल म्हणून. ऐकलेली गाणी माझ्याकडे आहेतच, दोन खोके कॅसेटी आणि लेकाने भरून दिलेला पेन ड्राइव्ह. त्यासाठी परत पैसे कोण मोजणार?

जून-जुलै उत्तम गेले, हे कबूल करते. चार नाट्यपदं आणि दोन गझला ऐकल्या, तर आठवड्याभरात त्याला माझा कल कळला. तोवर वसंतराव देशपांडे माझ्यासाठी नाट्यसंगीतापुरते होते, त्यांची ठुमरी त्याने काढून दिली. एकदा कुमार गंधर्वांच्या भजनानंतर एका तरुण गायिकेचं भजन लावलं, तिचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, आणि भायखळा कधी गेलं ते कळलं नाही. जुलैअखेर नणंदेला सांगितलं, डोळे मिटून घे, पैसे वसूल आहेत. ते वाक्य परत घ्यावं का, या विचारात हे लिहायला बसले आहे.

झालं असं. आमच्या सोसायटीचा गणपती सात दिवसांचा. पहिल्या सकाळी कमिटीतल्या एकाने फुकटच्या ॲपवरून आरत्या लावल्या. पहिलं कडवं संपेपर्यंत ठीक होतं, मग एकदम बनियनची जाहिरात. सगळे हातात ताम्हन घेऊन थांबलेले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, वहिनींचं पैसे भरून घेतलेलं आहे, त्यात जाहिराती येत नाहीत. झालं! सात दिवस ब्लूटूथ माझ्या फोनला. सकाळ-संध्याकाळ सहा आरत्या आणि शेवटी मंत्रपुष्पांजली. मी अकाउंट्समध्ये आहे, हिशेब न करता राहवत नाही: सात गुणिले चौदा, ९८. त्याआधी मी तीन महिन्यांत जेमतेम साठ-सत्तर गाणी नीट शेवटपर्यंत ऐकली असतील. म्हणजे ॲपच्या वहीत मी कोण ठरले ते तुम्हीच बघा.

माझी देवावर राग धरण्याइतकी हिंमत नाही. राग आहे तो त्या तीन टिंबांवर. नको असलेलं गाणं ‘आवडलं नाही’ म्हणून बाजूला टाकायचं, तर ते बटण दर्शनी नाही. उजव्या कोपऱ्यातली तीन टिंबं दाबा, यादी खाली ओढा, डाउनलोड, शेअर, झोपेचा टायमर हे सगळं ओलांडा, मग तळाशी ते सापडतं. हे एका हाताने करायचं, दुसरा हात वरच्या कडीला, आणि दिव्याला चढणाऱ्या बायका पाठीवर. मी शपथेवर सांगते, अर्ध्या वेळा माझा अंगठा ‘शेअर’वर पडलेला आहे. ऑफिसातल्या साहेबांना सकाळी सकाळी देवीची आरती गेली. त्यांनी नमस्काराचे हात पाठवले.

बरं, एक आरती नको म्हटली तर ती गेली का? नाही. तीच आरती दुसऱ्या गायकाची येते. मग तिसऱ्याची. मग ‘ढोल-ताशा मिक्स’. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो, त्यामुळे आपल्या दृष्टीने एक असलेली आरती त्याच्या दृष्टीने शंभर वेगळी गाणी. मी ४१ नाकारल्या. बेचाळिसावी लहान मुलांच्या आवाजात होती.

तक्रार केली. पहिलं उत्तर: ॲप काढून पुन्हा टाका. दुसरं: ॲप काढून पुन्हा टाका. तिसऱ्या वेळी मी लिहिलं की मी ते दोनदा केलं आहे. तेव्हा उत्तर आलं की तुमचा संगीतप्रवास आम्हाला मोलाचा वाटतो. पाचव्या मेलला कळलं की ‘खाजगी ऐकणं’ अशी एक सोय आहे, ती आधी चालू केली असती तर आरत्या हिशेबात धरल्याच गेल्या नसत्या. आधी म्हणजे ऑगस्टमध्ये. हे मला डिसेंबरात सांगतात!

पुस्तकांचं वेगळं नाही. ऑफिसात ऱ्हस्व-दीर्घावरून वाद झाला म्हणून मी ऑनलाइन एक व्याकरणाचं जाडजूड पुस्तक मागवलं. त्या दिवसापासून ते दुकान मला पोलीस भरती, तलाठी भरती, वनरक्षक, राज्यसेवेचे मागच्या दहा वर्षांचे प्रश्नसंच दाखवतं. वय वर्षं ५४. पळण्याची चाचणी मला जमेल असं त्याला का वाटलं, याचा शोध घेतला. रीत सोपी आहे. ॲमेझॉनने १९९८ च्या सुमारास ती आणली आणि आता थोड्याफार फरकाने बरीच दुकानं तीच वापरतात: माणसाची माणसाशी तुलना करत बसायचं नाही, वस्तूची वस्तूशी करायची. व्याकरणाचं पुस्तक घेणाऱ्यांनी अजून काय घेतलं? महाराष्ट्रात मराठी व्याकरण विकत घेतो कोण, तर स्पर्धा परीक्षा देणारी मुलं. हौसेने घेणारी मी एकटी, त्या गर्दीत मला कोण बघतो. यात दुकानाची चूक म्हणावी का? मला वाटतं, आपल्या भाषेच्या व्याकरणाला परीक्षेपलीकडे गिऱ्हाईक नाही हे त्या बिचाऱ्याने फक्त मोजून दाखवलं.

म्हणजे मुळात ते पुस्तक त्याने वाचलेलं नाही, आणि गाणंही बहुतेक वेळा ऐकलेलं नाही. काही ठिकाणी आता गाण्याचा ठेका, पट्टी वगैरे मोजतात, पण मुख्य भिस्त कोणी कशानंतर काय लावलं यावरच असते. स्वतः न वाचता-ऐकता दुसऱ्याला सांगायचं.

पण हेच तर आमचे वाचनालयातले काका तीस वर्षं करत आले आहेत. त्यांना विचारा, कसं आहे हे? ते सरळ सांगतात, मी वाचलेलं नाही, पण तुम्ही न्या. मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, ती ते अंगठ्याने सरळ करून दाखवतात. चारशे पानी कादंबरी आणि शिक्क्यांमध्ये तीन-तीन दिवसांचं अंतर. आता याचे दोन अर्थ. एक तर लोक रात्रभर जागले, नाही तर पन्नासाव्या पानावर कंटाळून परत देऊन गेले. कोणता खरा, हे काकांना पुस्तक टेबलावर कसं ठेवलं यावरून कळतं. ॲपला ‘तीन दिवस’ एवढंच कळतं. आणि पुस्तक फसलं तर काकांना तोंडावर सांगता येतं, काय हो, डोकं उठलं. ते म्हणतात, बरं, तुम्हाला नाही देणार तसलं. विषय संपला. तीन टिंबं नाहीत, काही नाही. महिना दीडशे रुपये, अनामत वेगळी.

गंमत म्हणजे यंत्राकडून पुस्तकं सुचवून घ्यायचा सुरुवातीचा एक प्रयोग ग्रंथपालाचीच नक्कल होता. १९७९ साली एलेन रिच यांनी ‘ग्रंडी’ नावाची प्रणाली केली. ती वाचकाला स्वतःचं वर्णन करणारे चार शब्द विचारायची आणि त्यावरून कादंबऱ्या सुचवायची. मला विचारलं असतं तर मी ‘चिडकी’ लिहिलं असतं. निदान आरत्या तरी आल्या नसत्या.

आणि या अंदाजांवर खर्च किती व्हावा? नेटफ्लिक्सने २००६ मध्ये स्पर्धा लावली, कोणाला काय आवडेल याचा आमचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून द्या, दहा लाख डॉलर घ्या. २००९ मध्ये बक्षीस दिलं. मग हिशेब केला, तर ते जिंकलेलं सगळं सूत्र जसंच्या तसं बसवण्याची मेहनत फायद्याच्या मानाने परवडेना, म्हणून पूर्ण वापरलंच नाही. हे वाचल्यावर माझं वर्गणीचं दुःख जरा हलकं झालं.

इथपर्यंत जानेवारीत लिहिलं होतं. पाचपैकी दीड तारा द्यायचं ठरवलं होतं. आता फेब्रुवारी आहे आणि वरचं काहीच खोडत नाही, पण पुढचं वाचा.

२२ जानेवारीला मुंब्र्याच्या अलीकडे गाडी अर्धा तास उभी राहिली. सिग्नल. फोन काढायलाही जागा नव्हती, त्यामुळे जे लागेल ते ऐकणं भाग होतं. आरती झाली. मग एक जुनं भजन. मग आणखी जुनं नाट्यपद, मागे ग्रामोफोनच्या तव्याची खरखर. आणि मग एक बाईचा आवाज आला. आवाज म्हणजे काय सांगू, ओढून ताणलेली तार. श्वास घ्यायला कुठे थांबतात ते कळतच नव्हतं. तीन मिनिटांत संपलं. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला मावायचंच तेवढं. मी कशीबशी कोपराने जागा करून नाव पाहिलं: केसरबाई केरकर.

नाव माहीत होतं. गोव्यातल्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, जयपूर-अत्रौली घराणं, हे सगळं मी दिवाळी अंकांत वाचलेलं. ऐकलं कधीच नव्हतं. ५४ वर्षं डोंबिवलीत राहून, नाट्यसंगीताची आवड आहे असं चारचौघांत सांगून. आणि तिथवर मला आणलं कोणी, तर त्याच ९८ आरत्यांनी. आरतीवरून जुनं भजन, भजनावरून नाट्यपद, तिथून तबकड्या. जूनमधल्या माझ्या चोखंदळ यादीवरून ते तिथे गेलं नसतं, ते मला नव्या रेकॉर्डिंगची स्वच्छ वसंतरावी ठुमरीच देत बसलं असतं.

घरी येऊन वाचत बसले. १९७७ मध्ये अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर, परग्रहावर कोणी भेटलंच तर म्हणून, जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावरच्या २७ संगीततुकड्यांत केसरबाईंची भैरवी आहे. रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या अभ्यासकाने तबकडीसाठी निवड करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनच्या मंडळींना ती सुचवली होती. ॲपवाले ज्याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात, म्हणजे समोरच्याने आधी काय ऐकलं हे काहीच माहीत नाही, तर त्याला सुचवायचं काय? ब्राउनसाहेबांपुढे तर ऐकणाऱ्याला कान आहेत की नाही इथपासून प्रश्न होता. तरी त्यांनी बेधडक केसरबाई सुचवल्या. स्वतः ऐकलेल्या माणसाने सुचवलं की असं असतं. त्याच वर्षी केसरबाई गेल्या. व्हॉयेजर-१ आज सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे आणि तिथे कोणी अजून ‘आवडलं नाही’ दाबलेलं नाही.

पुढचे दोन आठवडे मी आरत्या निमूट ऐकल्या. त्यांच्या मागून रोज दोन-तीन तबकड्या यायच्या. दीड ताऱ्याचे साडेतीन केले. एका सकाळी एका पुरुषाचं गाणं लागलं, बहुधा तोडी, खरखरीत बुडालेलं, पण मधली एक तान अशी होती की शेजारच्या सीटवरच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, कारण मी तोंडाने ‘अहाहा’ म्हटलं होतं. अर्ध्यावर असताना कुर्ल्याला आडव्या घुसलेल्या बायकांत फोन पर्समध्ये टाकावा लागला. म्हटलं, नाव संध्याकाळी ‘मागे ऐकलेलं’मध्ये बघू.

दुपारी मेल आला. माझ्या डिसेंबरातल्या, सहाव्या, जरा कडक शब्दांतल्या तक्रारीला उत्तर. ‘आपली अडचण दूर केली आहे. आपल्या विनंतीनुसार आपला ऐकण्याचा सर्व इतिहास पुसून शिफारशी नव्याने सुरू केल्या आहेत.’ खाली पाच तारे द्या म्हणून दुवा.

संध्याकाळी ॲप उघडलं. ‘स्वागत आहे! तुमचे आवडते तीन कलाकार निवडा.’ गोल गोल फोटो. पुष्कळ खाली ओढलं. केसरबाई नव्हत्या. ‘मागे ऐकलेलं’ रिकामं.

केसरबाई काय, नाव टाकून शोधता येतात, रोज ऐकतेच आहे. पण त्या तोडीवाल्याचं नाव मला माहीत नाही, शोधू काय? काकांना तान गुणगुणून दाखवली. ते म्हणाले, मी ऐकलेली नाही, पण तुम्ही ऐकलीत ना, मग असणार. माझ्या गाण्यावरून ती कोणालाच ओळखू यायची नाही, हे त्यांनी चांगुलपणाने बोलून दाखवलं नाही.

तारे सध्या रिकामे ठेवले आहेत. वर्गणीचे चार महिने शिल्लक आहेत आणि भरलेले पैसे मी सोडत नाही. गेल्या मंगळवारपासून घरी आल्यावर फोन ओट्यावर ठेवून आरत्या लावते, सहा आणि मंत्रपुष्पांजली, शेवटपर्यंत, एकही पुढे न ढकलता. कुकर होईपर्यंत एक फेरी होते. काल ३५ झाल्या. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या, म्हणाल्या, रोज कानावर येतं, काही विशेष आहे का? मी त्यांच्या हातावर साखर ठेवली.